‘फाउल’ म्हणजे गटार नव्हे: ग्रीनॉकहून देवगडला पत्र

ग्रीनॉक, स्कॉटलंड
१२ जुलै

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
सायलीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. जेवणखाण, खोली आणि थंडी यांविषयी फोनवर रोजच बोलणे होते, त्यामुळे ते इथे पुन्हा लिहीत नाही. पत्र लिहायला बसले आहे ते एका शब्दासाठी. रविवारी पावसामुळे तुमच्याकडची रेंज जात-येत होती, त्यातच आजी एकसारखी “बाय, थंय तू घाण काढतंस काय गो?” असे विचारत राहिली आणि माझे उत्तर तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच फोन बंद पडला. घोळ कुठे झाला ते नंतर वहिनींच्या मेसेजवरून कळले. मी पाठवलेल्या ओळखपत्राच्या फोटोत माझ्या हुद्द्यात ‘बायोफाउलिंग’ (जहाजाच्या बुडाला जीवजंतू चिकटून बसणे) असा शब्द आहे. चि. ओमकारने त्यातला ‘फाउल’ शब्दकोशात पाहिला, तेव्हा घाणेरडा, ओंगळ, कुजका, दुर्गंधी सुटलेला असे अर्थ मिळाले. मग इंटरनेटवर ‘फाउल वॉटर’ म्हणजे सांडपाणी आणि ‘फाउल ड्रेन’ म्हणजे मैला वाहून नेणारे गटार हेही त्याला सापडले. तेवढ्यावरून घरात असे ठरले की रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात एम.एफ.एस्सी. झालेली आपली मुलगी परदेशात जाऊन गटारात उतरते आणि आपल्यापासून ते लपवते.

ओमकारने काढलेले अर्थ खोटे नाहीत, पण त्या शब्दाचा संसार फार मोठा आहे आणि गटार हा त्याचा एक कोपरा आहे. शिवाय हा शब्द आपल्या घराला काही नवा नाही. पडवीत कॅरम खेळताना स्ट्रायकर खळग्यात गेला की अण्णा स्वतः “फाउल, फाउल!” असे ओरडतात आणि दादाकडून ड्यूची सोंगटी वसूल करतात. तिथे कोणी सोंगटीला घाण लागली असे समजत नाही. नियम मोडला, खेळात जे व्हायला नको ते झाले, एवढाच त्याचा अर्थ असतो. फुटबॉलमध्ये पायात पाय घातला तर तोही फाउल.

इथली माणसे तर जे जे नकोसे वाटते त्या सगळ्याला हा शब्द लावतात. ग्रीनॉकचा पाऊस त्यांच्या लेखी ‘फाउल वेदर’ असतो. आपल्या मृगाच्या सरींपुढे तो नुसता शिंतोडा आहे, पण तो वर्षभर पडत राहतो हे मान्य करायला हवे. शिवराळ माणसाचे तोंड फाउल, सकाळी उठल्यापासून धुसफुसणाऱ्याचा मूड फाउल आणि कायद्याच्या कचाट्यात सापडणे हेही त्यांच्या भाषेत कायद्याशी ‘फाउल’ होणेच. परदेशी पाठवलेल्या मालाच्या जहाजी पावतीवर पेट्या फुटक्या किंवा भिजलेल्या असल्याचा शेरा पडला तर ती पावतीही फाउल होते, आणि बँक तिच्यावर पैसे द्यायला कुरकुरते. हापूस बाहेर पाठवणाऱ्या आपल्या बागायतदारांना हे मी सांगायला नको. ओमकारने बातमीतून वाचून दाखवला आणि आजी घाबरली तो ‘फाउल प्ले’ म्हणजे घातपात. बातमीत पोलिसांना ‘फाउल प्ले’चा संशय नाही असे लिहिलेले असले तर त्याचा अर्थ कोणी कोणाला मारलेले नाही असा होतो, तेव्हा ओमकारने ते वाक्य उलटे वाचून दाखवणे थांबवावे. आपल्या कोंबड्यांना ज्याची लस टोचून घेतो तो ‘फाउल पॉक्स’ मात्र या घराण्यातला नव्हे. तिथला फाउल म्हणजे कोंबडी. उच्चार सारखा, स्पेलिंग वेगळे.

वहिनी मराठी शिकवतात म्हणून त्यांच्यासाठी एक गंमत लिहिते. हा शब्द मुळात सडणे, कुजणे या अर्थाच्या फार जुन्या धातूपासून आलेला आहे, आणि त्याच मुळापासून संस्कृतात ‘पूति’ म्हणजे दुर्गंधीयुक्त आणि ‘पूय’ हे शब्द झाले. जखमेत होतो तो आपला ‘पू’ त्या ‘पूय’चाच वंशज आहे, म्हणजे इंग्रजांचा फाउल आणि आपला पू हे दूरचे भाऊबंद आहेत. वर्गात सांगायला हरकत नाही, फक्त मधल्या सुट्टीच्या आधी सांगू नये.

आता रस्त्यावरचा फाउल, कारण माझी या शब्दाशी सगळ्यांत जास्त गाठ तिथेच पडते. इथे समुद्रकाठच्या फिरण्याच्या वाटेवर खांबाखांबावर पाट्या आहेत. पाटीवर एका कुत्र्याचे चित्र, त्याच्या शेपटीखाली लहानसा ढीग, वरून तांबडी तिरपी रेघ आणि खाली ‘नो डॉग फाउलिंग’ अशी अक्षरे. कुत्र्याने रस्त्यात शी करणे याला कागदोपत्री वापरायचा सभ्य शब्द म्हणजे फाउलिंग. त्यासाठी स्कॉटलंडच्या संसदेने २००३ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे, आणि मालकाने ती घाण लगेच उचलली नाही तर ८० पौंड दंड होतो; आपल्या पैशांत आठ हजारांच्या वर. “माझे लक्ष नव्हते” किंवा “पिशवी आणायला विसरलो” हे बहाणे चालत नाहीत, तसे कायद्यातच लिहिले आहे. अंध माणसाला वाट दाखवणारा कुत्रा आणि मेंढ्या राखण्याच्या कामावर असलेला कुत्रा यांना मात्र सूट आहे.

आई, हा सोहळा तू एकदा पाहायलाच हवास. चांगला सूट-टाय घातलेला, पिकल्या केसांचा गृहस्थ कुत्र्याला घेऊन ऐटीत चाललेला असतो. कुत्रा थांबून पाठ वाकवू लागला की हा गृहस्थ तोंड फिरवून समुद्राकडे पाहत राहतो, जणू कुत्र्यालाही आडोसा हवा असतो. काम उरकले की तो खिशातून एक पातळ काळी पिशवी काढतो, ती हातमोज्यासारखी पंजावर चढवतो, वाकून तो ऐवज मुठीत घेतो, दुसऱ्या हाताने पिशवी उलटी करून गाठ मारतो आणि वर कुत्र्याला “शाब्बास” म्हणतो. मग ती पिशवी बोटाला अडकवून झुलवत, ओळखीच्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारत, पुढच्या कचरापेटीपर्यंत चालत जातो. काही पिशव्यांना लॅव्हेंडरचा वास असतो. इथपर्यंत सगळे कौतुकाचे आहे. परंतु काही महाभाग एवढे सगळे यथासांग करून गाठ मारलेली पिशवी वाटेवरच्या झुडपाच्या फांदीला टांगून निघून जातात! उचलायचे कष्ट घेतले, हात घातला, गाठ मारली आणि मग झाडाला बांधली, ती कोणासाठी? परतताना नेऊ असे म्हणतात, पण परतताना कोणी नेल्याचे मी पाहिलेले नाही. नुसती पडली असती तर पावसात विरघळून तरी गेली असती. आता ती प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवली जाते. मी कामावरच्या बाईंना याचे कारण विचारले, तर त्याही खांदे उडवून मोकळ्या झाल्या. आपल्याकडे कुत्रा वाडीचा असतो आणि त्याचा हिशेब कोणी मागत नाही. इथे प्रत्येक कुत्र्याला मालक असतो, म्हणून त्याच्या घाणीलाही मालक असतो. आणि एवढी स्वच्छता पाळणारी हीच माणसे रस्त्यावरचे बूट न काढता थेट झोपायच्या खोलीतल्या गालिच्यावर फिरतात, त्याला मात्र कोणी फाउल म्हणत नाही.

अण्णा, पुढचा भाग तुमच्यासाठी आहे, कारण दर्यावर गेल्यावर हा शब्द घाणीशी नाते जवळजवळ तोडतो. नांगराला साखळीचा विळखा पडला की तो ‘फाउल अँकर’. असा अडकलेला नांगर उचलावा लागला तर आपला तांडेल खलाशांच्या सात पिढ्यांचा उद्धार करील, आणि इथल्या रॉयल नेव्हीने तोच मानाचे चिन्ह म्हणून धरला आहे. तिथल्या ‘लीडिंग सीमन’ या हुद्द्याच्या खलाशाच्या बाहीवर दोर गुंडाळलेला नांगरच शिवलेला असतो. बोटीचा पंखा जाळ्यात किंवा दोरात गुरफटला तर तो ‘फाउल’ झाला असे म्हणतात. वाऱ्याने फिरताना दुसऱ्या बोटीला धडक बसेल इतक्या जवळ नांगर टाकला तर त्या जागेला ‘फाउल बर्थ’ म्हणतात. समुद्राच्या तळाशी जुन्या जहाजाचे अवशेष किंवा तसलीच काही अडगळ असेल, जिच्यावरून बोट खुशाल जाईल पण जाळे टाकले तर फाटून वर येईल, ती जागा नकाशावर ‘फाउल’ अशा अक्षरांनी नाहीतर आडव्या-उभ्या चार रेघांच्या खुणेने दाखवतात. डेहराडूनहून आपल्या नौदलाचे जे नकाशे निघतात त्यांतही खुणांची हीच आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तुम्हाला त्या जागा नकाशावाचून पाठ आहेत, म्हणून तुम्हाला त्या शब्दाची कधी गरज पडली नाही.

जहाजाचे बूड फाउल होते ते याच अर्थाने. त्यावर नको ते बसते आणि वाट अडवते. १ जूनपासून मासेमारीची बंदी लागली, म्हणजे आपली होडी आता वर ओढलेली असेल आणि तुम्ही दोघे तिच्या बुडाखाली आडवे होऊन खरवडत असाल. माझे काम तेच आहे, फरक एवढाच की इथे खरवडणारे वेगळे आहेत आणि बुडाला काय चिकटले होते, ते कुठून आले असेल, जिवंत आहे की मेलेले, हे पाहून लिहून देणारी मी आहे. सुक्या गोदीतले पाणी उपसले की डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगावर जाड पोशाख घालून आम्ही जहाजाखाली जातो. समुद्राचे पाणी आत घेण्याच्या जागा जाळ्यांमागे असतात, तिथे रंग नीट पोहोचत नाही आणि बाहेरचे बूड आरशासारखे गुळगुळीत असले तरी आत सगळे गोकुळ नांदत असते. बॅटरीच्या उजेडात फोटो काढायचे, सुरीने थोडे खरवडून अल्कोहोलच्या बाटलीत घालायचे, वर चिठ्ठी लावायची, आणि मग प्रयोगशाळेत बसून सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटवायची. वास येतो, खोटे कशाला सांगू? पण तो समुद्राचा वास आहे, गटाराचा नाही, आणि त्या वासात मी लहानाची मोठी झाले आहे.

होडीच्या बुडाला आणि खडपांवर पांढरे, टोकदार, अनवाणी पायाला कापणारे जे कवच बसलेले असते तो बार्नकल हा माझा मुख्य ऐवज आहे. आई, तो कालवांच्या जातीचा वाटतो, पण त्याचे खरे नाते कुर्ली आणि कोळंबीशी आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू आधी पाण्यात तरंगते, मग बसायला जागा शोधते, मिशांवर चालत चालत पृष्ठभाग चाचपून पाहते आणि जागा पसंत पडली की स्वतःला डोक्याकडून कायमचे चिकटवून घेते. त्यानंतर जन्मभर पाय वर करून पाण्यातले अन्न आत ओढत राहते. डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे याच प्राण्याचा अभ्यास केला, तेव्हा ‘एवढे शिकून हेच का?’ असे आत्याने मला विचारण्याआधी त्यांच्या घरच्यांनी काय सोसले असेल याचाही विचार व्हावा.

या चिकट्यांनी बूड खरबरीत झाले की जहाज जड चालते, आणि आजचे असेल तर तेलही जास्त जाळते. म्हणून इंग्रजांनी १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. पुढे विसाव्या शतकात कथिलाचे विषारी संयुग घातलेला रंग आला, त्याने काहीच चिकटेना, पण बंदरांतल्या शंखांच्या माद्या वांझ होऊ लागल्या. तेव्हा २००१ मध्ये जगातल्या देशांनी त्या रंगावर बंदीचा करार केला आणि तो २००८ मध्ये अमलात आला. आता मुख्य भीती परक्या जिवांची आहे. जहाजाच्या बुडाला चिकटून अमेरिकेकडची शिनाण्यासारखी (शिंपल्याची) एक लहान जात मुंबईच्या आणि विशाखापट्टणमच्या बंदरांत येऊन बसली आहे. इथून जवळच लार्ग्सच्या नौकातळावर २००९ मध्ये जपानकडचा एक गिळगिळीत जीव सापडला, जो दोरांवर, तराफ्यांवर आणि शिंपल्यांवर चादरीसारखा पसरतो. न्यूझीलंडने तर २०१८ पासून बूड स्वच्छ असल्याखेरीज परदेशी जहाजाला येऊ द्यायचे नाही असा नियम केला आहे. म्हणून मालकांना आमच्यासारख्यांच्या सहीचा कागद लागतो, आणि म्हणून मला पगार मिळतो.

आता गटाराविषयी एकदाच लिहिते, पुन्हा विषय काढणार नाही. मी तिथे उतरत नाही. पण समजा उतरत असते तरी लाज वाटण्याचे कारण मला दिसत नाही. इथे ते काम करणाऱ्याला यंत्र, पोशाख, हवा तपासण्याचे उपकरण आणि पोट भरेल असा पगार मिळतो. आपल्या देशात माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा असूनही माणसे अजून टाकीत उतरून गुदमरून मरतात, आणि आपण मात्र त्या शब्दानेच नाक मुरडतो. आजीला हे वाचून दाखवू नका, तिला एवढेच सांगा की सायली जहाजे तपासते.

तब्येतीची काळजी करू नका. डोळे लाल दिसले ते सूक्ष्मदर्शकामुळे, रडण्यामुळे नव्हे. वजन उतरलेले नाही, कॅमेऱ्यात तसे दिसते. इंग्लंडात हार्टलपूलला ‘ट्रिंकोमाली’ नावाचे जहाज उभे आहे, १८१७ मध्ये मुंबईत वाडियांच्या गोदीत सागवानात बांधलेले आणि अजून पाण्यावर असलेले. अण्णांना ते दाखवायचे आहे. पुढच्या वर्षी बंदीच्या दिवसांत तुम्ही दोघे या, व्हिसाचे कागद मी पाहते.

गणपतीला मला येता येणार नाही. त्याच सुमारास गोदीत जहाजे ओळीने लागलेली आहेत आणि रजा मागितली तर मिळेल असे नाही. एवढ्या मुंबईहून चाकरमानी येतात आणि घरची मुलगी येत नाही, हे वाडीत कोणी बोलले तर बोलू दे. गणपतीवरची माटवी दादा बांधील, तो उंचही आहे. नैवेद्याच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, मी सुट्टी असल्यासारखी बसेन.

इंजिनाच्या कर्जाचा हप्ता आणि आजीच्या गुडघ्याच्या तपासणीचे असे मिळून साठ हजार रुपये दादाच्या खात्यावर टाकले आहेत. होडीचा रंग घेताना या वेळी स्वस्तातला घेऊ नका, फरक पडला तर मला कळवा. नारळी पौर्णिमेपूर्वी सगळे उरकायला हवे.

कुडाळच्या स्थळाविषयी वहिनींनी लिहिले. मुलाच्या आत्याबाईंच्या कानावर “मुलगी तिकडे साफसफाई करते” असे गेले आणि त्यांनी पत्रिका परत मागितली, तर पत्रिका देऊन टाका, उगाच समजूत घालत बसू नका. मुलाने मात्र स्वतः विचारले असेल तर त्याला हे पत्र वाचायला द्यावे, कुत्र्यांचा भाग न वगळता. वाचून त्याने बार्नकलविषयी काही विचारले तर माझा नंबर देण्यास हरकत नाही. पगार किती एवढेच विचारले तर देऊ नये.

आजीला नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, चि. ओमकारला आशीर्वाद.

आपली,
सायली

ता. क. अण्णा, हे फक्त तुम्ही वाचा. कंपनीने माझा करार दोन वर्षांनी वाढवला आहे आणि मी सही केली आहे. होडीचे कर्ज त्यात फिटते, असा हिशेब मी केला. आईला तुम्ही सांगा, मला फोनवर जमले नाही.